बावीस की सतरा

ज्या माणसाने उभ्या जन्मात एक झुरळ मारलेलं नाही, त्याने बंदुकीवर मत देऊ नये, एवढी साधी गोष्ट आहे. गुणवंत परचुरे यांच्या घरात झुरळ निघालं की ते बिल्डिंगच्या मेंटेनन्सला फोन करतात, तक्रार नोंदवतात, तिचा नंबर विचारून घेतात आणि माणूस येईपर्यंत सोफ्यावर पाय वर घेऊन बसतात. तोवर झुरळ मुक्काम हलवतं. शेवटी त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई हातातलं उलथनं खाली न ठेवता पायातली चप्पल काढून प्रकरण मिटवतात, आणि गुणवंतराव पुन्हा फोन करून तक्रार रीतसर मागे घेतात. असा हा नरसिंह. आणि ह्या नरसिंहाने सबंध एप्रिल महिना डोकं कशात खुपसलं होतं, तर सशाला मारायला बावीसची रायफल बरी की सतराची.

आता दोष त्यांचा एकट्याचा म्हणता येणार नाही. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये बऱ्याच वरच्या मजल्यावर त्यांची कंपनी आहे, पाइप आणि व्हॉल्व विकणारी. मालक अबू सुलतान हे इथलेच, पन्नाशीचे, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी यंदा कझाकस्तानात शेतजमीन घेतली. दुबईचा उन्हाळा तिकडे काढायचा, कुंपणावर रिकामे डबे मांडून नेमबाजी करायची आणि तिथला परवाना काढून शेतात शिरणारे ससे टिपायचे, असा त्यांचा बेत होता. एकदा मीटिंग संपल्यावर कावा, म्हणजे अरबी कॉफी, पिता पिता ते सहज म्हणाले, "मिस्टर गुणवंत, छोटा रायफल लेना है. ट्वेंटी-टू अच्छा, के सेव्हन्टीन? तुम बोलो."

ह्यावर शहाण्या माणसाने "साहेब, मला त्यातलं कळत नाही" म्हणून कपातला कावा संपवला असता. पण आपल्या सुशिक्षित माणसाला 'कळत नाही' हे दोन शब्द जिभेवर आणणं म्हणजे भर बाजारात धोतर सुटल्यासारखं वाटतं. गुणवंतरावांनी मान गंभीरपणे हलवली, जणू गेली कित्येक वर्षं ते हाच प्रश्न उराशी धरून बसले होते, आणि म्हणाले, "सर, आय विल रिव्हर्ट." आखातातल्या ऑफिसांत 'रिव्हर्ट' करतो म्हटलं की दोन आठवडे पोलिसही तुमच्यापर्यंत पोचत नाहीत.

शिवाय त्यांच्या मनात दुसरंच काही शिजत होतं. चार वर्षांपूर्वी जुने जनरल मॅनेजर कोचीला परत गेले, तेव्हा "फिलहाल तुम देखो" म्हणून ते काम गुणवंतरावांकडे आलं. व्हिजिटिंग कार्डावर छापून आलं 'ॲक्टिंग जनरल मॅनेजर'. चार वर्षं तो 'ॲक्टिंग' शब्द त्यांना दातात अडकलेल्या सुपारीसारखा सलत होता. मंडळाच्या गणपतीत कुणी कार्ड मागितलं की ते अंगठा बरोब्बर त्या शब्दावर ठेवून पुढे करत, आणि समोरचा लबाड माणूस बरोब्बर तो अंगठा सरकवून वाचत असे. आता अबू सुलताननी जाहीर केलं होतं की उन्हाळ्याला जाण्याआधी मी कायमचा जनरल मॅनेजर नेमून जाणार. दुसरा उमेदवार होता सेल्समधला सिद्धांत, पुण्याचा, पस्तिशीचा, कोणत्याही प्रश्नाला प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारा. गुणवंतरावांच्या मते असली माणसं धोकादायक असतात. मालकाने रायफलीचं सिद्धांतला न विचारता आपल्याला विचारलं, यात त्यांना खुर्चीचा वास आला.

गुणवंतराव मुळात पर्चेस खात्यातले. त्यांची सगळी विद्या एका कागदात सामावलेली होती, त्याला म्हणतात कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट. तीन पुरवठादार, पंधरा रकाने, प्रत्येकाला गुण, आणि सगळ्यात शेवटी एक वाक्य, की वरील बाबी लक्षात घेऊन व्यवस्थापनाने योग्य तो निर्णय घ्यावा. माल खराब निघाला तर ठरवणारा सापडतो, तक्ता करणारा सापडत नाही. ह्या एका वाक्याच्या आडोशाला त्यांनी नोकरी काढली होती आणि तिलाच ते अनुभव म्हणत.

त्याच पद्धतीने ते रायफलीच्या मागे लागले. आणि पहिलीच अडचण अशी आली की मालकाने दोनच जाती सांगितल्या होत्या. दोन कोटेशनांवर तक्ता होत नाही, ऑडिटवाले धरतात. म्हणून कुणी न मागता त्यांनी बावीस मॅग्नम नावाची तिसरी जात आपण होऊन स्पर्धेत उतरवली. मग अभ्यास सुरू झाला. बावीस आणि सतरा हे नळीच्या तोंडाचे आकडे, इंचाच्या शंभराव्या भागात मोजलेले. ह्या तिन्ही रायफलींना रिमफायर म्हणतात, कारण काडतुसाच्या बुडाच्या कडेवर ठोका बसला की ते पेटतं, हे त्यांना कळलं आणि ते त्यांनी जेवताना प्रमिलाबाईंना सांगितलं. साधी बावीस आवाजाने कमी, काडतूस स्वस्त, शंभरेक मीटरपर्यंत कामाची. सतराची गोळी बारीक पण पिसाळल्यासारखी धावते, लांबवर सरळ जाते, मात्र वारा सुटला की वाहवत जाते आणि लहान जनावराच्या चिंधड्या करते. मॅग्नम मधली. प्रमिलाबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि ताकातली रवी काढत म्हणाल्या, "अहो, काल गॅस संपला हे पण रिव्हर्ट करायचं राहिलंय."

दुसऱ्याच दिवशी एचआरच्या शहनाझबाईंनी त्यांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. गुणवंतरावांना वाटलं, खुर्चीचंच असणार. पण कंपनीच्या लॅपटॉपवरून कुणी शस्त्रास्त्रांबद्दल शोधाशोध केली की सिस्टीम आपोआप एचआरला कळवते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शहनाझबाईंच्या समोर स्क्रीनवर त्यांचे शोध ओळीने मांडले होते. किती अंतरावरून एका गोळीत खलास. आवाज शेजाऱ्याला ऐकू जातो का. डोक्यात मारावी की छातीत. त्यांनी फार हळुवारपणे विचारलं, "सर, ऑफिस में किसी से कोई परेशानी है? सिद्धांत से?"

गुणवंतरावांनी हा ससा आहे, माणूस नाही, असा खुलासा केला. शहनाझबाई म्हणाल्या, तसं लेखी द्या. मग एका अनुभवी ॲक्टिंग जनरल मॅनेजरने कंपनीच्या लेटरहेडवर लिहून दिलं की माझा कोणत्याही सहकाऱ्याला इजा करण्याचा हेतू नसून अभ्यास केवळ सशापुरता मर्यादित आहे. त्याची प्रत माहितीसाठी खातेप्रमुखांना गेली, म्हणजे सिद्धांतलाही गेली. त्या दिवसापासून सिद्धांत त्यांच्या केबिनमध्ये शिरण्याआधी दारावर टकटक करू लागला आणि गुणवंतरावांनी तो आदर समजला.

घरी अण्णासाहेब वाट पाहत होते. अण्णासाहेब म्हणजे समोरच्या फ्लॅटमधले, हमरिया फ्री झोनमध्ये त्यांचा मसाल्याचा कारखाना, आणि मिरचीखेरीज जगातल्या सगळ्या विषयांवर त्यांची मतं ठाम. त्यांचे आजोबा कुठल्याशा संस्थानात शिकारखान्यावर होते, असं ते सांगत. त्या गोष्टीत हे आजोबा आधी एक बिबळ्या मारत, आता ते पट्टेरी वाघांवर आले होते. त्यांच्या मते बावीस काय नि सतरा काय, दोन्ही पोरखेळ. पुरुषाने बाराबोअर घ्यावी. बाराबोअरने सशाचं काय उरतं, असं गुणवंतरावांनी नम्रपणे विचारलं. त्यावर अण्णासाहेब म्हणाले, "गुणवंतराव, शिकारीत उरण्याचा विचार वाणी करतो." हे मसाले विकणाऱ्याने म्हणावं, हे विशेष.

उरण्यावरून मात्र घोटाळाच झाला. तक्त्यात 'मांसाची नासाडी' असा एक रकाना होता आणि परचुऱ्यांच्या घरात अंडंसुद्धा शेजाऱ्यांच्या भांड्यात उकडत असे. माहितीसाठी गुणवंतरावांनी एक व्हिडिओ लावला. त्यात टोपी घातलेला एक अमेरिकन, सतराने मारलेला ससा कॅमेऱ्यासमोर हौसेने उलगडून दाखवत होता. गुणवंतरावांनी तो रकाना डोळे मिटून भरला आणि दोन दिवस टोमॅटोचं सारही घेतलं नाही. मुग्धा, त्यांची बारावीतली मुलगी, लॅपटॉपवर तो तक्ता बघून म्हणाली, "बाबा, यू हॅव गिव्हन मार्क्स टु अ डेड बनी." गुणवंतराव म्हणाले, बनीला नाही, गोळीला. मुलीने आईकडे पाहिलं आणि आईने छताकडे.

शेवटी अण्णासाहेबांनीच टूम काढली की हातात धरल्याशिवाय बंदूक कळत नाही. इथे आपल्यासारख्या पाहुण्याला बंदूक बाळगता येत नसली तरी नेमबाजीच्या क्लबात पैसे भरून झाडता येते. गुणवंतरावांनी खबरदारी म्हणून शहनाझबाईंना तसं लेखी कळवलं आणि शुक्रवारी दुपारी दोघे गेले. काउंटरवर तिथल्या मुलीने एमिरेट्स आयडी मागितलं आणि शंभर दिरहॅम सांगितले. अण्णासाहेबांनी मोठ्याने चोवीसशे रुपये असा हिशेब केला, एवढ्यात आमच्याकडे बोकड येतो असं मराठीत बजावलं आणि खिशात हात घालायला इतका वेळ लावला की पैसे गुणवंतरावांनीच भरले. मग आयडीवरचा फोटो आणि गुणवंतराव यांच्यात फरक पडत होता, कारण फोटोत केस होते. ती शंका दूर होण्यात अर्धा तास गेला.

अण्णासाहेबांचा पराक्रम फार वेळ टिकला नाही. प्रशिक्षकाने त्यांना गादीवर पालथं पडून नेम धरायला सांगितलं. ते पडले. पण पोट मध्ये आल्यामुळे हात आणि पाय दोन्ही एकाच वेळी जमिनीला लागेनात आणि शिकारखान्याचा नातू तिथेच डुलत राहिला. गोळी एक सुटली, ती कुठे गेली ते प्रशिक्षकाने विचारलं नाही. त्यांना उठवायला दोन माणसं लागली आणि त्यानंतर ते खुर्चीवर बसून क्लबवाल्यांना गादीचे दोष सांगत राहिले.

गुणवंतरावांची अडचण निराळी होती. त्यांना एक डोळा मिटता येत नाही. डावा मिटला की उजवाही सोबतीला मिटतो. प्रशिक्षकाने खूप समजावलं, करून दाखवलं, आणि शेवटी कंटाळून त्यांच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर पांढरी चिकटपट्टी लावली. शेजारच्या जागेवर इनाया नावाची एक शाळकरी मुलगी शांतपणे नेमाचा एकेक लोखंडी पत्रा पाडत होती. ती ह्या एकाक्ष काकांकडे पाहून इतकं समजूतदार हसली की गुणवंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या हातात बावीस दिली होती, तिच्या पहिल्या गोळ्या त्यांनी वाया घालवल्या. एक तर इनायाच्या पत्र्याला लागली आणि तिने थँक यू म्हटलं.

आणि मग एक बरोबर लागली. लांबवर तळहाताएवढा लोखंडी पत्रा होता, त्यावर टण् असा आवाज झाला आणि तो मागे कोसळला. खांद्याला धक्का नाही, कानाला दडा नाही, चाप ओढला आणि ते तिकडे पडलं. गुणवंतराव तसेच उभे राहिले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी काही केलं आणि ते लगेच तिथल्या तिथे झालं, असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. त्यांनी पुन्हा झाडली, पुन्हा लागली. परतताना गाडीत अण्णासाहेब गादीबद्दलच बोलत होते, पण गुणवंतरावांचं लक्ष नव्हतं. बावीस. त्यांना बावीस आवडली होती. डब्यांना तीच, सशालाही तीच. मनात शंका म्हणून उरली नव्हती, आणि खरं सांगायचं तर ते त्या दिवशी फार सुखी होते. हे मी त्यांची टिंगल करत असलो तरी कबूल करतो.

पण सुख वेगळं आणि तक्ता वेगळा. घरी येऊन त्यांनी रकाने वाढवले. वारा, आवाज, काडतुसाची किंमत, मांस, सुटे भाग, गंज, आणि सवयीने 'वॉरंटी' आणि 'पेमेंट टर्म्स'सुद्धा. तिन्हींना शंभरपैकी गुण दिले. बावीस सगळ्यांच्या पुढे निघाली, तेही बरंच पुढे. ते पाहून त्यांना बरं वाटलं. मग बोटं आपोआप खाली सरकली आणि त्यांनी सगळ्यात शेवटी ते वाक्य टंकलं, की वरील बाबी लक्षात घेऊन व्यवस्थापनाने योग्य तो निर्णय घ्यावा.

मे महिन्याच्या सुरुवातीला अबू सुलताननी त्यांना आणि सिद्धांतला एकत्र बोलावलं. गुणवंतरावांनी पडद्यावर तक्ता लावला. रिमफायरचा इतिहास झाला, कझाकस्तानच्या वाऱ्याची दिशा झाली, सशाचं सरासरी वजन झालं. अबू सुलतान बोटांत माळ फिरवत निमूट ऐकत होते. मालकाला इतका धीर असतो हे सिद्धांतला माहीत नव्हतं. शेवटचं पान आलं. ते संपलं.

"माशाल्ला," अबू सुलतान म्हणाले. "बहुत मेहनत. तो कौन सा लेने का?"

गुणवंतरावांनी पडद्यावरच्या शेवटच्या वाक्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "सर, ऑल आर गुड. इट डिपेंड्स."

"तुम क्लब गया, शहनाझ बोला. तुम चलाया?"

"यस सर."

"तुम को कौन सा पसंद आया?"

आता इथे त्या पत्र्याचा आवाज गुणवंतरावांच्या कानात स्पष्ट वाजला, हे नक्की. बावीस हा शब्द पोटातून निघाला, घशापर्यंत आला. एकच शब्द, तोही खरा. पण तिथे तो नेहमीच्या पहारेकऱ्याला भेटला. उद्या साहेबांचा ससा निसटला तर? साहेब म्हणतील, परचुऱ्यांनी सांगितलं होतं. गुणवंतराव म्हणाले, "मेरा पसंद क्या सर, ॲज यू डिसाइड."

अबू सुलताननी मान वळवली. "सिद्धांत, तुम बोलो."

"ट्वेंटी-टू, सर."

"तुम चलाया?"

"नो सर. बट गुणवंत सर के शीट में सब से ज्यादा मार्क उसी को है."

बावीस म्हणजे रायफल आहे की सामोशाचा भाव, हे त्या पोराला ठाऊक नव्हतं. त्याने फक्त सगळ्यात मोठा आकडा वाचला होता. पण तो वाचायला जी छाती लागते ती तक्ता करणाऱ्याकडे नव्हती. अबू सुलतान म्हणाले, "खलास. ट्वेंटी-टू." मग सिद्धांतला बाहेर थांबायला सांगून ते गुणवंतरावांजवळ येऊन बसले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं.

"मिस्टर गुणवंत, चार साल मैं देखता. तुम्हारा काम एक नंबर. लेकिन हर पेपर मेरे पास वापस आता है. मैं उधर जाएगा, उधर पेपर नहीं चाहिए. उधर मेरे को आराम चाहिए. इन्शाल्ला सिद्धांत जीएम बनेगा, तुम उसको मदद करो. समझा?"

गुणवंतराव म्हणाले, समजलं. त्यांनी तक्त्याची प्रत टेबलावर ठेवली, रेकॉर्डसाठी.

संध्याकाळी जेवताना त्यांनी घरी सांगितलं. प्रमिलाबाईंच्या जिभेवर नेहमी दोन-तीन टोमणे तयार असत, पण त्या दिवशी त्यांनी एकही वापरला नाही. आमटी वाढून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्हाला कुठली आवडली होती?"

"बावीस," गुणवंतराव ताबडतोब म्हणाले. "प्रश्नच नाही. डब्यांना सतरा लावणं म्हणजे उधळपट्टी. सशाला लावली तर ससा खायच्या लायकीचा राहत नाही. आवाज कमी, धक्का नाही, नेम साधा. बावीसच. डोळे मिटून बावीस." बोलता बोलता त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि ताटातली वाटी हलली. इतक्या ठामपणे ते त्या घरात आजवर कशावरच बोलले नव्हते.

मुग्धाने फोन खाली ठेवला. "सो व्हाय डिडन्ट यू जस्ट से दॅट, बाबा?"

"अगं, चुकलं असतं म्हणजे?"

"देन ही वुड हॅव बॉट द राँग रायफल," मुलगी म्हणाली. "फॉर रॅबिट्स."

चुकलं असतं तर पुढे काय झालं असतं, ह्याचा विचार गुणवंतरावांनी आजपर्यंत कधी केलाच नव्हता. चुकण्याशीच ते थांबत आले होते. आता पहिल्यांदा एक पाऊल पुढे जाऊन पाहिलं, तर तिथे एक जिवंत ससा कझाकस्तानच्या शेतात गाजर खात बसला होता, आणि बाकी काहीच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. ते दिसू नये म्हणून त्यांनी मान ताटात घातली.

प्रमिलाबाईंनी तव्यावरची पोळी उलथन्यावर घेतली आणि त्यांच्या ताटाजवळ धरली. "गरम आहे. वाढू का अजून एक?"

गुणवंतरावांनी पोळीकडे पाहिलं. मग ताटातल्या भाजीकडे पाहिलं. किती उरली आहे याचा अंदाज घेतला.

"अर्धी," ते म्हणाले.